मोजणीत न बसलेला रुग्ण

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयाच्या शिकाऊ दवाखान्यातला बाक बोलतोय. मणके सरळ करून घेण्यासाठी माणसे माझ्यावर पालथी होतात.

माझा सांगाडा पोलादी आहे आणि कमरेखाली एक खटक्याचा भाग आहे. दाब पडला की तो बोटभर खाली आदळतो. आवाज मोठा होतो, इजा काहीच होत नाही. नवख्या विद्यार्थ्यांना वाटते, वाजला तो मणका. मी त्यांचा उत्साह मोडत नाही.

या विद्येसाठी आधी काही वर्षे विज्ञान शिकावे लागते. मग शवविच्छेदन, मज्जासंस्था, क्ष-किरण आणि राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा. मणका कसा धरावा हे विद्यार्थी एकमेकांच्या पाठीवर शिकतात. त्यामुळे लवकरच वर्गातली प्रत्येक मान दुखू लागते आणि प्रत्येकाला या विद्येची गरज मनापासून पटते.

शेवटच्या वर्षी नियम असा, की पदवीसाठी ठरावीक संख्येने नवे रुग्ण हवेत आणि ते ज्याचे त्यानेच आणायचे. म्हणून व्यायामशाळेतले मित्र, न्हावी, घरमालक, भावी सासरे असे ठणठणीत लोक माझ्यावर आडवे होतात. प्रत्येकात काहीतरी वाकडे सापडतेच. पदवीदान झाले की ते सगळे त्याच आठवड्यात पूर्ण बरे होतात.

कॉरिन हॅवरकॅम्पला एकच रुग्ण कमी पडत होता. सत्र संपत आले होते. आईने पदवीदानाचा केकसुद्धा सांगून ठेवला होता. शेवटी तिने शाळेची बस चालवणाऱ्या मर्लमामाला धरून आणले.

"मामा, तुझी मान दुखते ना?"

"दुखते की. पण ती तुझ्या मामीमुळे."

"आणखी काही?"

"हल्ली शर्टाची बटणं लागत नाहीत. पायही जड पडतात. वय झालं, दुसरं काय! तू आपली कडकड वाजव आणि मोकळं कर मला."

कॉरिनने त्याच्या मधल्या बोटाचे नख झटकले. अंगठा आपोआप उडाला; निरोगी माणसाचा तो हलत नाही. गुडघ्यावर हातोडी टेकवली, तर पायाने शेजारचे स्टूलच लाथाडले. तिने हात मागे घेतले.

"अगं, मामाच आहे ना? हळूच दाब," शेजारच्या बाकावरून तिचा वर्गमित्र डिलन कुजबुजला. "एवढ्यासाठी आणखी एक सत्र बसणार आहेस?"

"मानेत मज्जारज्जू दबला असावा. दाबलं तर हातपाय कायमचे जातील. मी हात लावणार नाही."

"म्हणजे मी इतका बिघडलोय, की तुलासुद्धा नको?" मामा उठून बसला.

"हो. चल इस्पितळात. आणि गाडी मी चालवणार."

देखरेख करणाऱ्या डॉक्टर स्ट्रँडनी स्वतः तपासून खात्री केली. "अचूक! यंदा याहून चांगलं काम मी पाहिलेलं नाही."

"मग हा रुग्ण मोजणीत धरणार ना, सर?"

"उपचार कुठे केलास? उपचार नाही तर रुग्ण नाही. नियम आहे बाई."

अशा रीतीने तिच्या शिक्षणातले सर्वांत नेमके काम मोजणीबाहेर राहिले. डिलन पदवीधर झाला. त्याने आईसहॉकीचा अख्खा संघ आणला होता. केक मात्र रद्द होईना, म्हणून तो डिलनच्या नावाने कापला गेला.

मामाची शस्त्रक्रिया वेळेत झाली. पुढच्या सत्रात तो गळ्यात पट्टा बांधून आला, मागे चेंडूने खुंट्या पाडायच्या बोलिंगमधले सवंगडी.

"घे, कुठलाही निवड."

पहिल्याच सवंगड्याची तिने तासभर तपासणी केली. "पाठीचा स्नायू आखडलाय. बाकी काही नाही."

"एवढंच? मर्लचा अंगठा उडाला म्हणे! माझा का उडत नाही? नीट झटक की!"

त्या निराश, निरोगी माणसाच्या पाठीवर कॉरिनला पदवी मिळाली.

आता माझी गादी फाटली आहे. मला पहिल्या वर्षाच्या सराववर्गात हलवणार आहेत. जाण्यापूर्वी एवढेच सांगतो. उद्या माझ्या एखाद्या भावंडावर पालथे होण्याआधी त्या हातांना विचारा, तुम्ही कधी कुणाला न दाबता परत पाठवले आहे का? उत्तर द्यायला वेळ लागला तरी चालेल. उत्तर आलेच नाही, तर दाराकडे निघायला तुमचे बूट खालीच काढून ठेवलेले असतात.