शंभराचे ऐंशी

माझ्या नवऱ्याचा दोनच गोष्टींवर विश्वास. एक घड्याळ, दुसरं अँपिअरचं मीटर. हे कॉलेजात दोन वर्षं रसायनशास्त्र शिकले, त्या शिदोरीवर आजवर भाषणं चालू आहेत. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला काय सांगितलं असेल, तर एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम. मी भाजी चिरत होते. मान हलवली. ती सवय तेव्हाची.

आमचं निकेल चढवण्याचं वर्कशॉप आहे, घराच्या खालीच. पितळी नळ आणि दाराच्या मुठी रॅकला टांगायच्या, रॅक हिरव्या द्रावणाच्या टाकीत सोडायचा आणि करंट चालू करायचा. जितके कूलोम टाकीतून जातात त्या मानाने निकेल मालावर बसतं. कूलोम म्हणजे अँपिअर गुणिले सेकंद. म्हणून शंभर अँपिअर लावायचे, चाळीस मिनिटं माल आत ठेवायचा, की हवा तेवढा थर मिळतो. करंट लावायचं काम यांचं. वेळ झाली की रॅक बाहेर काढायचं काम बारक्याचं.

बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. मी सून म्हणून आले तेव्हा तो शाळेत होता, चपला उलट्या घालायचा. सासूबाई लवकर गेल्या. त्याचा ताप, त्याचा अभ्यास, पहिली दाढी करताना कापलेली हनुवटी, सगळं मीच निस्तरलं. मला मूलबाळ नाही. आडवळणाने कशाला सांगू, ते माझंच पोर होतं.

नळांच्या कारखान्याने माल परत पाठवला तिथून सगळं फिसकटलं. त्यांनी थर मोजला होता आणि तो पाचव्या हिश्श्याने कमी भरला. यांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. निकेल कमी म्हणजे कूलोम कमी. करंट तर शंभर, रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. मग उरला तो वेळ. चाळीसचा पाचवा हिस्सा आठ.

"आठ मिनिटं कुठे जातात?" यांनी बारक्याला विचारलं.

"कुठे जाणार? चाळीस झाली की काढतो मी."

"मागच्या दारी सिगारेट ओढायला किती वेळ लागतो तुला?"

"दादा, सिगारेट मी रॅक आत असताना ओढतो. लवकर काढून नाही."

"मग मीटर खोटं बोलतंय का?"

मी मध्ये पडले. म्हटलं, अहो, पोरगं एवढं शपथेवर सांगतंय, जरा ऐका तरी. हे म्हणाले, "तू पडू नकोस यात, हे गणित आहे." मी बरीच आदळआपट केली, एक पातेलं कायमचं चेपलं, पण गणिताला पातेल्याचं काय? बारक्या कपडे पिशवीत कोंबत होता. मी दारात आडवी उभी राहिले, तर मला हळूच बाजूला करून गेला.

त्यानंतर रॅक हे स्वतः काढू लागले, घड्याळाला डोळे लावून. पुढचा मालही परत आला, तितकाच पातळ. आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? यांना वाटलं द्रावण बिघडलं. ते बदलून झालं, गाळून झालं, आणि मग नाक मुठीत धरून मशीन दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

दुरुस्तीवाल्याने त्याचं चिमट्यासारखं मीटर जाड तारेभोवती अडकवलं. त्यावर आकडा आला ऐंशी. आमच्या मीटरचा काटा शंभरावर ठाण मांडून होता.

"शंट कुणी बदलला, साहेब?" त्याने विचारलं.

शंट म्हणजे मीटरच्या मागची धातूची पट्टी. सगळा करंट तिच्यातून जातो. मीटर फक्त पट्टीच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट बघतं आणि त्यावरून अँपिअर दाखवतं. आमची जुनी पट्टी आम्लाच्या वाफेने खाल्ली होती, म्हणून यांनीच अडगळीतल्या मशीनची काढून बसवली होती. दोन्हींवर शंभर अँपिअर लिहिलेलं. पण शेजारी बारीक अक्षरात जुन्या पट्टीवर साठ मिलिव्होल्ट होतं, हिच्यावर पंच्याहत्तर. ऐंशी अँपिअर गेले की ही पट्टी साठ मिलिव्होल्ट द्यायची आणि मीटर बिचारं शंभर म्हणायचं.

यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "अच्छा," म्हणाले. बस्स.

मी मात्र तशीच निघाले. बारक्या एका गोदामात हमाली करत होता, तीन जिने चढून त्याची खोली. गादीवर बसून पाव खात होता. खांदे रुंद झाले होते आणि गाल आत गेले होते. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. सगळं सांगितलं. त्याने अर्धा पाव माझ्या हातात दिला.

"वहिनी, मीटर बरोबर निघालं असतं तर?" तो म्हणाला. "मग मी चोरच ना?"

"मी तुला चोर कधी म्हटलं?"

"तुझं नाही म्हणत मी. दादा येऊन बोलू दे. एवढंच. मी लगेच चालू लागेन तुझ्याबरोबर, पिशवीसुद्धा नाही भरणार."

त्याने मागितलं ते एवढंच. घरी येऊन मी यांच्या मागे हात धुऊन लागले. आधी म्हणाले, झालं ते झालं. मग म्हणाले, बघू. शेवटी रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, मीही बरोबर. खरं सांगते, घरातली बारक्याची खाट मी सकाळीच झटकून ठेवली होती.

बारक्याने एकुलती एक खुर्ची यांना पुढे केली. हे बसले आणि बोलायला लागले. पट्टी कशी गंजली, साठ कुठे, पंच्याहत्तर कुठे, शंभराचे ऐंशी कसे होतात. जमिनीवर बोटाने आकडे काढले. बारक्या समोर उकिडवा बसून ऐकत होता. तो आकड्यांकडे बघतच नव्हता, भावाच्या तोंडाकडे बघत होता.

"कळलं, दादा," तो म्हणाला. "म्हणजे आता तुझा माझ्यावर विश्वास आहे."

"आता प्रश्नच नाही," हे अगदी खुशीत म्हणाले. "नवी पट्टी बसवली. वर टायमर लावलाय, चाळीस मिनिटं झाली की घंटा वाजते आणि किती वेळ झाला ते नोंदलं जातं. आता तुझ्यावर शंका घ्यायला जागाच नाही."

मी मनात म्हणत होते, अहो, एक वाक्य. एकच.

"बरं झालं," बारक्या शेवटी म्हणाला. उठला, यांना तांब्यातून पाणी दिलं. माझ्या पाया पडला. म्हणाला, उद्या पहाटेची पाळी आहे, लवकर झोपायचंय. बाहेर अजून ऊन होतं.

दार लागल्यावर कडी सरकल्याचा आवाज आला. हे जिना उतरत होते, ओझं उतरल्यासारखे. खालच्या वळणावर थांबून त्यांनी मला विचारलं, "सगळं नीट सांगितलं ना मी? काही राहिलं तर नाही?"

त्यांचा चेहरा बघितला. खरोखरच विचारत होते.

"नाही," मी म्हटलं.