टोकपाड्यावरची सुई

"हलवून बघितलंस? पाणी वाजलं?" प्रेमलता सिस्टरांनी चहाचा कप खिडकीत ठेवत विचारलं.

"वाजलं," क्षितिजा म्हणाली आणि लशीच्या निळ्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

वाजलं नव्हतं. वाजायला वेळ कुठे दिला होता तिने? फ्रीजरमधल्या बर्फाच्या चपट्या पेट्या काढल्या की लगेच डब्यात भरायच्या नसतात. त्यांना टेबलावर ठेवायचं, घाम फुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचं आणि आत पाणी खुळखुळलं की मगच त्यांच्यामध्ये लशीच्या बाटल्या ठेवायच्या. ट्रेनी म्हणून आली त्या पहिल्याच दिवशी सिस्टरांनी हे शिकवलं होतं. पण आज पहाटे तिला केस धुवायची हुक्की आली. मग मनवेलपाड्याच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरेना. आरोग्य केंद्रात पोचली तेव्हा डोंगराकडे नेणारी जीप दारात हॉर्न मारत होती. तिने फ्रीजर उघडला आणि दगडासारख्या टणक पेट्या थेट डब्यात रचल्या. ऑक्टोबरचं ऊन, चढण एवढी. जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, अशी तिने स्वतःची समजूतही घातली. घरी पापलेट आणलं की आई नाही का बर्फात गाडून ठेवत! लस आणि पापलेट यांतला फरक तिला ठाऊक होता. पण घाईच्या वेळी माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

हायवे ओलांडून जीप डोंगराच्या पायथ्याशी थांबली. पुढे टोकपाड्यापर्यंत पायवाट. क्षितिजाचं हे पहिलंच डोंगरावरचं काम, त्यामुळे सुरुवातीला ती भलत्याच उत्साहात होती. डबा खांद्याला लावून तिने स्वतःचे फोटो काढले, पाठीमागे डोंगर येईल असे. स्टेटसवर 'फील्डवर्क' लिहून तीन हृदयंही टाकली. पहिल्या खड्या चढावर फोन पिशवीत गेला, दुसऱ्यावर तोंड बंद झालं.

प्रेमलता सिस्टर मात्र गुडघ्याला पट्टी गुंडाळून सावकाश, न थांबता चढत होत्या. मूळच्या वटार गावच्या, घरी केळीची वाडी. उभी नोकरी मात्र या डोंगरांतल्या पाड्यांवर गेली होती. एका कातळावर बसून त्यांनी पिशवीतून घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी काढली आणि अर्धी क्षितिजाच्या हातावर ठेवली.

"आज रविना येणार आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लग्नघरची लगबग होती. "पहिल्या सुईनंतर पोराला ताप आला, तर सासूने फर्मान काढलं, पुन्हा टोचायचं नाही. दोनदा जाऊन बसले मी त्या म्हातारीकडे. चहा प्यायले, कोंबड्यांची चौकशी केली, सुईचं नावसुद्धा काढलं नाही. तिसऱ्या वेळेला तीच म्हणाली, घेऊन जा एकदा, पन पोराला काय झालं तर बघा."

"एवढं करायचं, सिस्टर? नाही म्हणते तर राहू दे की."

"राहू दे?" सिस्टरांनी आल्या वाटेकडे बोट दाखवलं. "पोराला उद्या घटसर्प झाला, घसा बंद झाला, तर त्याला याच वाटेने न्यायचं. झोळीत घालून. तू आत्ता एवढासा डबा घेऊन चढताना किती वेळा थांबलीस?"

क्षितिजाने हातातला तुकडा तोंडात टाकला. सुकेळी मात्र फार गोड होती.

टोकपाड्याच्या अंगणवाडीच्या ओसरीवर बायका पोरांना घेऊन आधीच बसल्या होत्या. सिस्टरांनी एकेकीची नावानिशी विचारपूस सुरू केली. क्षितिजाने कोपऱ्यात डबा उघडला आणि पेंटा लशीची बाटली काढायला हात घातला. बाटली हलेना. बर्फाच्या पेटीला चिकटली होती. तिने जोर लावून सोडवली, उजेडात धरली. आत, काचेच्या कडेला, बर्फाचा पातळ पापुद्रा होता.

ही लस गोठली की संपली. पोलिओचे थेंब गोठले तरी बिघडत नाहीत, पण ही पाच रोगांची लस एकदा गोठली की तिच्यातला जीव जातो. टोचली तरी पोराला रोगापासून राखत नाही. आणि वितळली की कोणालाही काही कळत नाही, हे सगळ्यात वाईट. बाटलीवरचा चौकोन उष्णतेने रंग बदलतो, थंडीचा त्याला पत्ताच नसतो.

तिची मूठ आपोआप मिटली. हाताच्या उबेने पापुद्रा विरघळला. मूठ उघडली तेव्हा बाटलीत नेहमीचंच पांढरट पाणी होतं.

"क्षितिजा, पेंटा दे. रविनाला आधी घेऊ, नाहीतर हिचा विचार बदलायचा."

विशीतली रविना पोराला छातीशी धरून समोर बसली होती. कपाळावरचा घाम पुसायचंही भान तिला नव्हतं. क्षितिजाने बाटली पुढे केली. सिस्टरांनी चौकोन पाहिला, बाटली हलवली, सुई भरली. आता बोल, क्षितिजा मनात स्वतःला म्हणत होती, आत्ता बोल. पण बोलली असती तर 'पाणी वाजलं' हे खोटं ठरलं असतं, सर्टिफिकेटवर काय शेरा पडला असता कोण जाणे, आणि एवढ्या बायकांसमोर तोंड कुठे लपवलं असतं? असा हिशेब चालू असतानाच सुई मांडीत गेली. पोराने क्षणभर श्वास कोंडला आणि मग सारा पाडा डोक्यावर घेतला.

"झालं रे झालं, राजा," सिस्टर म्हणाल्या. "रविना, अर्धा तास इथंच बस हां."

रविना पोराला घेऊन ओसरीच्या टोकाला गेली. जाताना सिस्टरांकडे बघून हसली. एवढंसंच, पण ते हसू क्षितिजाला सोसलं नाही. दुसरी आई पोराची चड्डी उतरवत होती, सिस्टरांनी दुसरी सुई भरली होती.

"सिस्टर, थांबा." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ही लस गोठली होती."

सिस्टरांचा हात हवेत थांबला. "कोणी सांगितलं?"

"मी बघितलं. डबा उघडला तेव्हा."

"म्हणजे रविनाच्या आधी."

"हो."

"आणि सकाळी पाणी वाजलं म्हणालीस."

त्या ओरडतील, निदान एक शिवी तरी घालतील, असं क्षितिजाला वाटलं होतं. ते बरं झालं असतं. सिस्टरांनी फक्त सुई टाकण्याच्या डब्यात सुई टाकली, बाटली बाजूला ठेवली आणि उठताना गुडघ्यावर हात दाबला.

"बायांनो, आज ही सुई नाही. लस खराब झाली. थेंब देते, सुईला मी पुन्हा येईन."

"भात कापायचं टाकून आलो, बाय!" एक जण बोलली. दोघी तिघींनी पोरं काखेत मारली आणि थेंबांसाठीही न थांबता निघाल्या. सिस्टरांनी त्यांना अडवलं नाही. त्या रविनापाशी गेल्या. क्षितिजाही मागोमाग गेली. पाय नको म्हणत होते तरी गेली.

रविनाने सगळं ऐकलं होतं. "माझ्या पोराला तीच दिली ना?"

"तीच दिली. घाबरू नकोस, पण तिचा उपयोग नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा टोचावं लागेल."

"मंग उगाच रडवला त्याला?" रविनाचा आवाज चढला नव्हता. "कोनी केलं ह्ये?"

"आमच्याकडून झालं," सिस्टर म्हणाल्या.

"नाही, मी केलं," क्षितिजा म्हणाली. "सिस्टरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

रविना उठली. आता ही आपल्या थोबाडीत देणार, असं क्षितिजाला वाटलं आणि तिने ती मनातल्या मनात घेतलीसुद्धा. रविनाने रडणारं पोर तिच्या हातात दिलं.

"तू रडवलास, तूच निजव," ती म्हणाली. "सासूला काय सांगायचं, त्ये मला ठरवू दे."

क्षितिजाने याआधी तान्ही मुलं वजनकाट्यावर ठेवली होती. कडेवर असं कोणाचं पोर घेतलं नव्हतं. ते लाथा झाडत होतं, टोचलेल्या जागी तिचा हात लागला की किंचाळत होतं. ती ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागली. आई म्हणायची ते एक बडबडगीत आठवेना, तेव्हा 'हो रे, हो रे' एवढंच म्हणत राहिली. उरलेल्या पोरांच्या तोंडात सिस्टर थेंब सोडत होत्या आणि तिच्याकडे पाहत नव्हत्या. हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं. पोराने तिच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि ते झोपलं. तिचेच डोळे भरून आले. ज्याच्याशी आपण असं वागलो तेच पोर आपल्याच खांद्यावर निर्धास्त झोपावं, याची तिला लाज वाटली.

अर्धा तास झाल्यावर रविना आली आणि तिने पोराला घेतलं.

"काय सांगणार सासूबाईंना?" क्षितिजाने विचारलं.

"सुई दिली, बरी दिली, असं सांगेन. खरं सांगितलं तर पुन्यांदा धाडायची नाय."

"आणि पुढच्या वेळी?"

"लाकडांना जाते म्हनून येईन." रविनाने पदर खोचला. "मी कदी तिच्याशी खोटं बोलले नाय."

एवढं बोलून ती निघाली. क्षितिजा ओसरीच्या कडेला उभी राहिली. माफ कर म्हणावं असं तिला फार वाटत होतं, पण त्याने रविनाचं कुठलं ओझं उतरणार होतं?

उतारावर रविना थांबली. पोर जागं होऊन कुरकुरत होतं. तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, टोचलेली मांडी आपल्या अंगाला घासणार नाही अशी, आणि पुन्हा चालू लागली.