जिकडे नजर, तिकडे गाडी

"गाडी घसरली तर काय करायचं, ते तुम्ही शिका. मी घसरूच देत नाही!" साडूला असं ऐकवून मी ऐटीत गाडीत बसलो. बसल्यावर कळलं, इथे स्टिअरिंग पलीकडच्या बाजूला असतं.

परदेशात फिरायला आलो, तर या साडूनेच स्वतःचं आणि माझं नाव घसरती गाडी सांभाळायच्या कोर्सला घातलं. पाणी मारलेल्या गुळगुळीत मैदानावर त्याने घसरती गाडी अशी झोकात सरळ केली, की माझी बायको टाळ्या पिटत सुटली. लग्नात फोटोवाल्याने सांगूनही ती इतकी हसली नव्हती.

मग माझी पाळी आली, तेव्हाचा हा तोरा. बाजू बदलून मी स्टिअरिंगमागे बसलो. मास्तर शेजारी बसले. "घसरलात की जिथे जायचंय तिथेच बघा. जिकडे नजर, तिकडे गाडी."

"हे काय सांगायला हवं?" म्हणत मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. गाडी घसरली. तेवढ्यात कठड्यामागे बायको साडूला घाम पुसायला रुमाल देताना दिसली. माझा रुमाल!

"समोर बघा, समोर!" मास्तर किंचाळले.

गाडी थेट त्या दोघांच्या दिशेने निघाली आणि कठड्याला लावलेल्या टायरांच्या ढिगात घुसली.

"अहो, भावजींकडे बघून शिका जरा!" बायको ओरडली.

"त्यांच्याकडेच बघत होतो!"

मी रुबाबात उतरलो. ओल्या जमिनीवर पाय सटकला आणि धावत आलेल्या साडूच्या मिठीत पडलो. बायकोने फोटो काढला. फोटोत साडू छान आलाय.