शेवटचा परिच्छेद

तात्याबा पुकळे यांच्या कथा ब्राह्मी मगदूमला जवळजवळ पाठ होत्या. ती सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि स्वतःही लिहायची. तात्याबांनी वडूजला टपाल वाटता वाटता दोनच कथासंग्रह लिहिले आणि पुढं वीस वर्षं लेखणी उचलली नाही. त्यांच्या कथा एकदम थांबायच्या. माणूस बांध ओलांडायला पाय उचलतो आणि कथा संपते. तो पाय कुठं पडला, याचा विचार वाचणाऱ्याच्या डोक्यात आठवडाभर चालायचा. ब्राह्मीला हे कसब शिकायचं होतं.

फेब्रुवारीत ती आपली नवी कथा घेऊन वडूजला गेली. सिद्धू नावाच्या मेंढक्याची गोष्ट होती, सगळी मनातून रचलेली. तात्याबांनी ती अंगणात बसून दोनदा वाचली.

"माणूस जित्ता झालाय," ते म्हणाले. "ह्यो शेवटचा परिच्छेद तेवढा काढ."

"का, आबा?"

"काढ म्हन्तो ना."

तिनं तो काढला. कथा दिवाळी अंकात आली, लोकांचे फोन आले. शेवट काय ताकदीचा केलास, असंच जो तो म्हणाला.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी ब्राह्मीच्या दाराशी एक म्हातारी उभी राहिली. बरोबर कॉलेजातली नात होती, हातात तो अंक.

"ही माझी आजी, धोंडुबाई," मुलगी म्हणाली. "मी प्रांजल. तुमची कथा मी हिला वाचून दाखवली. तेव्हापासून जेवत नाही."

म्हातारी आत आली, पण खुर्चीवर बसली नाही. "बाई, नाव तेवढं बदललंस. ह्यो माझा ल्योक बिरदेव हाय. सा वर्सं झाली, मेंढरं घिऊन गेला त्यो आला न्हाई. तू त्येला कुठं बघितलंस?"

"आजी, ती मनातली गोष्ट आहे. मी कुणाला बघितलं नाही."

"कोकरू खांद्यावर घेतलं की त्येचं पाय दातात धरायचा. म्होरच्या मेंढीला मास्तरीण म्हनायचा. ह्ये आमच्या घराभाईर कुणाला ठावं न्हाई." तिनं ब्राह्मीचं मनगट धरलं. "त्यो पान्याच्या शोधात निघाला, हितवर लिवलंयस. म्होरं कुठं गेला?"

पुढं तो कुठं गेला, हे ब्राह्मीनं लिहिलं होतं. काढलेल्या परिच्छेदात.

उद्या सांगते म्हणून तिनं त्यांना परत पाठवलं आणि तात्याबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"सांगू नगंस," ते म्हणाले.

"पण हे असं कसं झालं?"

"मला ठावं न्हाई. तू सांगू नगंस, एवढंच."

फोन ठेवल्यावर तिनं तो परिच्छेद काढून वाचला. कडेगावच्या अलीकडं बंद पडलेली वीटभट्टी, भट्टीमागं घाणेरीच्या जाळीत विहीर, विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यावरच तुटलेल्या. त्या बाजूला ती आयुष्यात कधी गेली नव्हती. वाचणाऱ्याला दारात उभं ठेवणं ठीक. पण ही बाई सहा वर्षं दारातच उभी होती. तिनं प्रांजलला फोन केला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिघी जीप करून गेल्या. वीटभट्टी होती. घाणेरी होती. जाळी बाजूला केल्यावर पायऱ्या दिसल्या, अकरा. बाराव्या जागी नुसती पोकळी. खाली हिरवं, थिजलेलं पाणी. ब्राह्मीला वाटलं, आपण इथं पूर्वी बसलो आहोत. डाव्या हाताला दगडावर शेंदराचा ठिपका असणार. तिनं मान वळवली. ठिपका होता.

पोलिसांनी पंप लावून पाणी उपसलं. गाळात हाडं निघाली, घोंगड्याची चिंधी निघाली आणि पितळी कडी बसवलेली काठी. काठी धोंडुबाईनं ओळखली. फौजदारानं ब्राह्मीला चार तास बसवून घेतलं. तुम्हाला कळलं कसं, हा एकच प्रश्न त्यानं दहा तऱ्हांनी विचारला. "लिहिता लिहिता," एवढंच ती सांगू शकली. शेवटी त्यानं तिच्याकडं न बघता जबाबावर सही घेतली.

बाहेर धोंडुबाई थांबली होती. "बाई, खरं सांग. तान्हेला व्हता का गं त्यो?"

परिच्छेदातली शेवटची ओळ ब्राह्मीला आठवली. "नाही आजी. पाणी पिऊन वर येताना पाय घसरला. पोटभर प्यायला होता."

म्हातारीनं मान हलवली आणि कितीतरी वेळानं ती रडली.

त्याच आठवड्यात ब्राह्मी वडूजला गेली, रागानंच. "तुम्हाला माहीत होतं! म्हणून तो परिच्छेद काढायला लावलात."

तात्याबांनी कोनाड्यातून पत्र्याचा डबा काढला. त्यात नऊ जुनी पत्रं होती आणि खाली त्यांच्याच अक्षरातली सुटी पानं. "ह्या समद्यांनी माझ्या कथेत आपलं मानूस वळाकलं. म्होरं काय झालं, इचारत्यात. समद्या कथांचं शेवट मी लिवलं व्हतं, पोरी. पयली कथा शेवटासकट छापली, तसंच घडलं म्हून पत्र आलं तवा भ्यालो. म्होरल्या कथेपास्नं शेवट कापाय लागलो. लोकांनी वा वा केली. येकालाबी उत्तर दिलं न्हाई. जल्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली मी."

तिनं आयुष्यभर ज्याला कसब समजून नमस्कार केला, ते एका माणसाचं भ्यालेपण होतं. तिचा राग मात्र कुठल्या कुठं गेला.

"यातलं जवळचं कुठलं?" तिनं विचारलं.

"रहिमतपूर. पत्र लिवनारा बहिणीला हुडकत व्हता."

"चला. मी येते बरोबर."

म्हाताऱ्यानं त्या कथेच्या शेवटाचं पान घडी घालून खिशात ठेवलं, टोपी घातली. दुपारच्या एसटीनं दोघं रहिमतपूरला उतरली. पत्ता बावीस वर्षांपूर्वीचा होता, तरी घर सापडलं. तात्याबांनी कडी वाजवली. दार पांढऱ्या केसांच्या माणसानं उघडलं. त्यानं तात्याबांना कधी पाहिलं नव्हतं आणि यांनी अजून नावही सांगितलं नव्हतं.

"आलासा," तो हळूच म्हणाला आणि त्यांना वाट देण्यासाठी बाजूला सरकला. "बहीण सांगत व्हती, आज येनार म्हून."