शिडी अडवणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. 'बिचारा म्हातारा दरवाजा' म्हणून हळहळायला कुणी आलं असेल, तर त्याने आल्या पावली परत जावं. कीव मला नको. ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका, आणि मधेच 'किती छान कोरीव काम!' असं म्हणालात तर खबरदार!

मी अग्निशमन केंद्राचा दरवाजा. दोन सागवानी फळ्या, पितळी कड्या, वर दगडी कमान. मला दोन सुतार भावांनी घडवलं. थोरला माप घ्यायचा, धाकटा रंधा मारायचा आणि दिवसभर दोघांची तोंडं चालू असायची. त्या काळी आगीचा बंब म्हणजे चाकांवरची पाण्याची टाकी आणि हाताने मारायचा पंप. धाकट्याने एकदा विचारलं, "दादा, थोडा रुंद नि उंच करू या का? पुढेमागे मोठा बंब आला म्हणजे?" थोरला खेकसला, "हत्ती बांधायचाय का आत? उद्याचं उद्या बघतील." गवंड्यानेही मान डोलावली आणि कमान बसवून टाकली. असा माझा जन्म झाला.

सुरुवातीची वर्षं मी खोटं कशाला बोलू, मजेत गेली. घंटा झाली की माझ्या दोन्ही फळ्या धाडकन उघडायच्या आणि बंब सुसाट निघायचा. जवान परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला धुराचा वास असायचा, ओले पाइप माझ्यासमोर पसरलेले असायचे, आणि कुणीतरी माझ्या कडीला ओला शर्ट अडकवायचा. मला त्यात कमीपणा वाटला नाही. काम करणाऱ्या माणसांचा शर्ट होता तो.

पण केंद्र म्हातारं झालं आणि कुणी बघितलं नाही. दर दोन वर्षांनी मला तांबडा रंग फासायचे. बाहेरून मी नवरदेव! आत काय होतं ते मला विचारा. छप्पर गळायचं. काजळीने माखलेले कोट जिथे टांगायचे, त्याच खोलीत जवान जेवायला बसायचे. ताटात काळे कण पडायचे, ते बोटाने बाजूला करून खायचे. पहिली बाई जवान भरती झाली, तिला सगळे ताई म्हणायचे. तिला कपडे बदलायला खोली नव्हती. पाइप वाळत घालायच्या लाकडी घोडीमागे चादर बांधून ती बदलायची. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, "काय देखणं केंद्र आहे आपलं!" अरे, आत डोकावून बघा की जरा!

मग नवा बंब आला. लांबलचक, चकचकीत, टपावर घडीची शिडी. ती उलगडली की चौथ्या मजल्याच्या खिडकीला लागायची. मोठी मंडळी आली, फीत कापली, भाषणं झाली. मग बंब चालवणाऱ्या मामांनी गाडी उलटी आत घ्यायला सुरुवात केली. मामांचा हात सफाईदार. पण टपावरची शिडी कमानीला अशी धडकली की माझ्या बिजागऱ्यांपर्यंत हादरा आला. कमानीचा चिरासुद्धा हलला नाही. तर गर्दीतला एक शहाणा काय म्हणाला असेल? "बघा, याला म्हणतात जुनं काम!"

बंब घेणाऱ्यांनी केंद्र बघितलं नव्हतं, आणि केंद्रात राहणाऱ्यांना बंब घेताना कुणी विचारलं नव्हतं. एक दोरी घेऊन उंची मोजली असती तरी पुरे होतं. पण आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार. बंब बाहेर रस्त्यावर उभा करून बघितला. लगेच समोरचे दुकानदार तक्रार घेऊन आले, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा उरत नाही म्हणे!

शेवटी केंद्राच्या साहेबांनी तोड काढली. शिडी टपावरून उतरवून आत भिंतीला टांगायची. घंटा झाली की मामांनी नुसता बंब बाहेर काढायचा. मग जवानांनी शिडी खांद्यावर घेऊन माझ्यातून बाहेर न्यायची, भर रस्त्यात टपावर चढवायची, बोल्ट आवळायचे आणि मग निघायचं. "तात्पुरती सोय आहे," साहेब म्हणाले. मित्रांनो, मोठी माणसं 'तात्पुरती सोय' म्हणाली की समजून जा, आता ती तुमच्या नातवंडांपर्यंत चालणार.

आणि आता ऐका खरी गंमत. जवान मेहनती, त्यामुळे ते या कामात तरबेज झाले. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी एका दमात उचलायचं, पाय एकदम पडायचे. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. टाळ्या पडू लागल्या. सुट्टीच्या दिवशी आग नसतानाही साहेब पाहुण्यांना ही कसरत करून दाखवू लागले. ज्याची लाज वाटायला हवी होती त्याची मिरवणूक निघाली! समोर एक फोटो स्टुडिओ होता. त्याचे मालक, सगळ्यांचे फोटोवाले काका, घंटा झाली की कॅमेरा घेऊन धावत यायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि तोच तर घोटाळा झाला.

एकट्या ताईला राग यायचा. एकदा कसरत संपल्यावर ती साहेबांना सरळ म्हणाली, "साहेब, हे कौतुकाचं नाही. घर पेटलेलं असताना आपण रस्त्यात बोल्ट आवळत बसतो."

"अगं, वर कळवलंय ना मी. होईल. आणि आजवर काही अडलंय का आपलं?"

"अडल्यावरच हलायचं का मग?"

साहेब हसले आणि चहा सांगितला. मी तिथेच उभा होतो. मला हात असते तर त्या दिवशी सगळा चहा सांडवला असता.

मग एका भर दुपारी पलीकडच्या गल्लीतलं गादीवाल्याचं दुकान पेटलं. कापूस तो! बघता बघता भडकला. त्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर फोटोवाल्या काकांच्या थोरल्या भावाचं घर. भाऊ कामावर गेलेले, घरात एकट्या वहिनी शिवणाच्या मशीनवर बसलेल्या. कुणाचं घर पेटलंय हे आमच्या रस्त्यावर तोवर कुणालाच माहीत नव्हतं. घंटा झाली. मामांनी बंब बाहेर काढला, भोंगा सुरू केला. जवान शिडी घेऊन निघाले, आणि लोक सवयीने जमले. कुणी पोरांना खांद्यावर घेतलं. एकाने आपली मोटारसायकल बंबाच्या पुढ्यातच लावली आणि हाताची घडी घालून बघत उभा राहिला. काका रस्त्याच्या मधोमध गुडघा टेकून बसले, कारण तिथून फोटो बरा येतो.

"बाजूला व्हा! अहो, बाजूला व्हा ना!" ताई जीव तोडून ओरडत होती. कुणाला वाटलं हाही कसरतीचाच भाग. गर्दीत एका जवानाचा पाय कुणाच्या तरी पायात अडकला, शिडीचं एक टोक खाली आलं, पुन्हा उचलावी लागली. लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या! मी दोन्ही फळ्या पसरून उभा होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

बंब तिथे पोचला तेव्हा वहिनींनी उडी मारलेली होती. खिडकीपर्यंत ज्वाळा आल्या, बाईने किती वाट बघायची? जीव वाचला. कमरेचं हाड मोडलं ते मोडलंच. शिवणाचं मशीन पायाने चालवायचं, ते बंद झालं, आणि काठी आली. ताई संध्याकाळी परत आली, हेल्मेट जमिनीवर आपटलं आणि भिंतीकडे तोंड करून रडली. तिच्या जवळ जायची साहेबांची हिंमत झाली नाही.

मग मात्र वर कळवलेलं एकदम वरपर्यंत पोचलं. जुनं केंद्र पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं. शिडीसकट बंब सरळ निघेल अशी उंच दारं, ती बटण दाबलं की वर सरकणार. काजळीचे कोट धुवायला नि ठेवायला वेगळी खोली. बायकांसाठी वेगळी न्हाणी. मी आनंदाने करकरलो. म्हटलं, सुटलो बाबा एकदाचा.

कसलं काय! लोकांचं माझ्यावरचं प्रेम आलं उतू. 'दरवाजा वाचवा' अशी समिती निघाली, अध्यक्ष फोटोवाले काका. मागे काय हवं ते बांधा, पण कमान आणि दरवाजा जागचा हलता कामा नये, अशी त्यांची मागणी. आणि साहेब? साहेब म्हणाले, "दोघांचंही समाधान होईल असं बघू." म्हणजे नवं केंद्र, नवा बंब, आणि बाहेर पडायला पुन्हा मीच! शिडी पुन्हा खांद्यावर! मला वाटलं, आता स्वतःच्याच बिजागऱ्या तोडून यांच्या अंगावर पडावं.

शेवटचा निर्णय करायला केंद्रातच सभा घेतली. बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या. काकांनी माझे आजवरचे फोटो मोठे करून आणले होते. ते लावले कुठे? माझ्याच अंगाला टाचण्या टोचून! मधोमध सगळ्यात मोठा फोटो. जवानांच्या खांद्यावर शिडी, एक टोक खाली आलेलं, टाळ्या वाजवणारे हात, मागे मी आणि कमान, कमानीच्या वर निळं आभाळ. खाली लिहिलं होतं, 'आपली शान'.

काकांचं भाषण चालू असताना वहिनी नवऱ्याचा हात धरून काठी टेकत आत आल्या. लोकांनी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत, त्या फोटोसमोर येऊन थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "हा फोटो कधीचा?"

काकांचं भाषण थांबलं. "हा? हा असाच एका कसरतीचा, वहिनी."

"कसरतीचा नाही. शिडीचं टोक खाली आलंय बघा. ताई दवाखान्यात मला भेटायला आली होती ना, तिने सांगितलंय मला. आणि कमानीच्या डाव्या बाजूला हे काळं काय आहे?"

काका पुढे आले. चष्मा वर करून त्यांनी फोटोला नाक लावलं. निळ्या आभाळात छपरांच्या वर एक काळा लोट होता.

"धूर आहे," वहिनीच म्हणाल्या. "आमच्या खिडकीचा. तुम्ही हा फोटो काढलात तेव्हा मी त्या खिडकीत उभी होते. भोंगा ऐकू येत होता मला. म्हटलं, आले, आता येतीलच."

"मला दिसलाच नाही हो धूर, वहिनी. देवाशप्पथ दिसला नाही."

"दिसला कसा नाही? तुमच्याच फोटोत आहे की."

मागून एक बाई हळूच म्हणाली, "पण त्यात बिचाऱ्या दरवाजाचा काय दोष?"

अहो, नाहीच माझा दोष! मला जेवढा केला तेवढाच मी आहे. दोष मला ठेवणाऱ्यांचा! असं मी ओरडलो असतो. पण वहिनींना माझी गरज नव्हती.

"दरवाजाला कोण बोलतंय?" त्या वळून म्हणाल्या. "उद्या तुमचं घर पेटेल तेव्हा खिडकीतून काय सांगाल यांना? सावकाश या, कमानीला धक्का लावू नका, असं?"

साहेब खाली बघत होते. काकांनी तो फोटो माझ्या अंगावरून काढला, त्याची गुंडाळी केली, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "पाडा ही कमान. माझी समिती संपली."

कमान पडली, मित्रांनो. नवं केंद्र उभं राहिलं. पण हौस ती हौस! काही मंडळी पुन्हा आली, म्हणाली दरवाजा आत दर्शनी भिंतीवर टांगू, खाली चकचकीत पाटी लावू, 'ज्याने हजारोंचे प्राण वाचवले'. मी? मी कुणाचा प्राण वाचवला? जवानांनी वाचवले, आणि मी त्यांनाच अडवलं! खोटारड्या पाटीखाली जन्मभर उभं राहायची माझी तयारी नव्हती. ताईचीही नव्हती. आता नव्या जवानांचं शिक्षण तिच्याकडे आहे. ती म्हणाली, "भिंतीवर नको. मागच्या आवारात चौकटीत बसवा. पोरांना बंद दार फोडायला शिकवायचंय, इतकं दणकट लाकूड कुठे मिळणार?"

म्हणून आज मी इथे आवारात उभा आहे, बंद, कडी लावलेला. ज्या वस्तू माणसाच्या कामी येतात त्या जरूर जपा, बाबांनो. पण जी वस्तू माणसाच्या वाटेत येते, ती कितीही सुरेख असू दे, बाजूला करा. आणि कुणी म्हणालं, 'आजवर काही अडलंय का', तर माझ्यासारखे संतापा. तुमच्या गल्लीतला बंब कुठून निघतो, कसा निघतो, ते जाऊन बघा. आजच बघा.

समोर नवी भरती झालेली मुलगी कुऱ्हाड घेऊन उभी आहे. मघापासून माझ्या कोरीव वेलबुट्टीवर हात फिरवतेय.

"ताई, फोडवत नाही हो. किती सुंदर आहे!"

"सुंदर असू दे," ताई म्हणतेय. "याच्या पलीकडे एक बाई उभी आहे. तिला तुझा भोंगा ऐकू आलाय."

मुलीने हात मागे घेतला. कुऱ्हाड उचलली. पहिला घाव बसला, माझी फळी उभी चिरली. दुखलं, खोटं बोलणार नाही. पण अगं, थांबू नकोस! घाल दुसरा!