सातवं सूर्यफूल

आमच्या क्लबचं नाव ‘गजराचं घड्याळ’. गावाला जागं करायचं म्हणून मुलांनी ठेवलेलं. गावात उरलेली बहुतेक माणसं पहाटे चारलाच उठून बसतात आणि झोप न लागणं हीच त्यांची मुख्य तक्रार आहे, हे मी मुलांना सांगितलं नाही. नियमाप्रमाणे क्लबवर एक प्रौढ माणूस लागतो. तो मी. बाकीचे प्रौढ कामासाठी जर्मनीत असतात.

वाचनगृहाच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो. क्लबची प्रमुख झोर्नित्सा, वय सतरा. ती नुसतं ‘बसा’ म्हणाली तरी आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. या वसंतात ती राजधानीतून, सोफियाहून कसलंसं शिबिर करून आली आणि म्हणाली की सामाजिक भान बस थांब्यापासून सुरू होतं.

आमचा थांबा बल्गेरियातल्या कुठल्याही थांब्यासारखाच होता, म्हणजे मेलेल्या माणसांनी भरलेला. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापून तो कागद दारावर, खांबांवर, थांब्यावर चिकटवायचा. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा, मग दर वर्षी. जिवंतपणी ज्याला कोणी विचारत नाही, तोही मेल्यावर खांबाखांबावर असतो. या कागदांचे थर इतके साचले होते की भिंत त्यांच्यावरच उभी असावी अशी मला शंका होती.

मुलांनी ते खरवडून काढले. बादली मी धरली होती. मग बाजूच्या दोन भिंती पिवळ्या झाल्या आणि मागच्या भिंतीवर झोर्नित्सानं सात मोठी सूर्यफुलं काढली. सातच, कारण आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात आणि मेलेल्याला सम. एवढं तर गजराच्या घड्याळालाही कळतं. शेवटचं, उजवीकडचं फूल तिला सगळ्यात चांगलं जमलं होतं.

नगराध्यक्ष खूश झाले. शनिवारी फीत कापायला येतो म्हणाले. तो शनिवार मृतात्म्यांचा, त्या दिवशी सगळं गाव शिजवलेले गोड गहू आणि वाइन घेऊन थडग्यांवर जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्याआधीच्या सोमवारी थांब्यावर विद्का आजी आली. एका हातात कॉफीचा छोटा कप, दुसऱ्यात मेणबत्ती. तिचा मुलगा इल्को याच थांब्यावरून बसनं स्पेनला गेला, बांधकामावर. तिथे परांचीवरून पडला आणि तिथेच त्याला पुरलं. इथे त्याचं थडगं नाही. होता तो थांब्याच्या भिंतीवरचा कागद. दर वर्षी ती नवा लावायची आणि रोज सकाळी त्याच्यासमोर कॉफी ठेवून जायची.

कागद शोधत ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. झोर्नित्सा तिथेच पाकळ्यांवर शेवटचा हात फिरवत होती.

“माझा मुलगा कुठे ठेवलात?” आजीनं विचारलं.

“आजी, आम्ही स्वच्छता...”

“स्वच्छ झालं. छान झालं. तो कुठाय?”

तो कचऱ्याच्या गाडीतून गेला होता. झोर्नित्सानं ते सांगितलं. मग घाईनं म्हणाली की नवा छापून देते, मोठा, रंगीत, तुमच्या दारावर लावते.

“दारावर कशाला गं? तो गेलाय ते मला माहितीये. पण तो इथून गेला. शनिवारी मी गहू कुठे ठेवू? वाइन कुठे ओतू, तुझ्या सूर्यफुलांवर?”

कॉफी बाकावर ठेवून ती गेली. कॉफी निवली तरी कोणी तिला हात लावला नाही.

संध्याकाळी बैठक झाली. नगराध्यक्षांचा निरोप आलाच होता: भिंतीवर एक जरी कागद दिसला, तर वाचनगृहातली खोली विसरा. प्लामेन हा आमचा विदूषक. तो म्हणाला, “ताई, तुझी भिंत की आजीचा मुलगा? मतदान घेऊया का?”

झोर्नित्सा नखांतला पिवळा रंग काढत होती.

“तो एकटाच नव्हता तिथे,” ती म्हणाली. “बाकीचे कोण होते? कोणाला आठवतं?”

कोणालाच आठवेना. शाळेच्या बसची वाट बघत या मुलांनी वर्षानुवर्षं ते चेहरे पाहिले होते. मीही.

म्हणून ती दारोदार गेली. गेल्या वर्षी ‘आपल्या मते समाजाचे प्रश्न कोणते?’ हे विचारायला गेली होती, तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर कुत्र्यांनी दिलं होतं. या वेळी मुलं सरळ म्हणायची, “थांब्यावर तुमच्या घरचं कोण होतं? आम्ही खरवडलं.” लोक आधी पोटभर शिव्या द्यायचे. मग आत बसवायचे, चीजची गरम बनित्सा वाढायचे आणि फोटो शोधायला लागायचे. कोणाची औषधं संपलीत, ईस्टरपासून कोणाशी कोणी बोललेलं नाही, हे मुलांना त्या आठवड्यात कळलं. सर्वेक्षणात असा रकानाच नव्हता.

शनिवारी सकाळी नगराध्यक्ष कात्री घेऊन आले. बाजूच्या दोन्ही भिंती मुलांनी नव्यानं छापून लावलेल्या चेहऱ्यांनी भरल्या होत्या. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिसऱ्या ओळीत त्यांना त्यांचे वडील दिसले. तीच हॅट, तेच कान. नगराध्यक्षांनी कात्री खिशात घातली आणि डोक्यावरची हॅट काढली.

मागच्या भिंतीवर अजून नुसती सूर्यफुलं होती. विद्का आजी कागद छातीशी धरून उभी होती. झोर्नित्साच्या हातात खळीचा डबा.

“कुठे होता तो, आजी?”

आजीनं तळव्यानं भिंत मापली आणि उजव्या कडेला हात ठेवला. “इथे. इथून पुलावरची बस दिसते.”

ते सातवं फूल होतं. आम्ही सगळे झोर्नित्साकडे बघायचं टाळत होतो. तिनं ब्रश खळीत बुडवला आणि पाकळ्यांवरून फिरवला, रंग देताना फिरवला होता तितक्याच सावकाश. कागद आजीनं लावला. कोपरे दोघींनी मिळून दाबले.

आजी दोन पावलं मागे आली, बोटानं फुलं मोजली. “सहा,” ती म्हणाली. “आता बरोबर झाली.”

मग तिनं भिंतीच्या पायाशी वाइन ओतली आणि प्रत्येकाच्या हातावर चमचाभर गोड गहू ठेवले, नगराध्यक्षांच्याही. ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणायचं आणि खायचं, एवढाच विधी. सगळ्यांनी म्हटलं. झोर्नित्सा मात्र हातातल्या गव्हांकडे बघत राहिली.

“ज्याला मी ओळखतच नाही, त्याच्यासाठी कसं म्हणू?” ती म्हणाली. “कसा होता तो?”

आजी बाकावर बसली. शेजारी तिनं जागा केली.

“उंचीला घाबरायचा,” ती म्हणाली. “लहानपणी चेरीच्या झाडावर चढायचा, आणि उतरवायला मला जावं लागायचं.”

पुलावरून बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. कोणी चढेना, तेव्हा त्यानं थांब्याकडे नीट बघितलं आणि इंजिन बंद केलं.