माझ्या दांडीवरचं नाव

मी बोलतेय, आयर्लंडमधल्या शॅनन गावातल्या नरेशच्या शेडमधली लाल सायकल. आधीच कबूल करते, मी जळते. रोज जळते. माझ्या शेजारी जी निळी उभी असते ना, जागोजागी टवके उडालेली, कडेकडेने गंजलेली, तिच्यावर.

तशा आम्ही सख्ख्या बहिणी. पन्नास वर्षांपूर्वी एकाच कारागिराने आम्हाला जोडलं, एकाच डब्यातला निळा रंग दिला. दोघा भावांनी आम्हाला शर्यतींसाठी घेतलं आणि दांडीवर पांढऱ्या अक्षरांत आपापलं नाव रंगवून घेतलं. तेव्हा मी तिच्या पुढे पळायचे, हेही सांगून ठेवते. पुढे भाऊ गेले, शेत विकलं गेलं आणि कितीतरी वर्षं आम्ही गोठ्यात पडून राहिलो. कोंबड्या अंगावर येऊन बसायच्या.

तिथून आम्हाला नरेश आणि मुकुल यांनी आणलं. दोघं इथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर. मुकुल फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून त्याची निळीसुद्धा आमच्याच शेडमध्ये.

नरेश हौशी. "दसऱ्याच्या पूजेला नवी कोरी पाहिजे," म्हणाला आणि मला सरळ वर्कशॉपमध्ये देऊन आला. तिथे वाळूचा झोत मारून माझा सगळा रंग उडवला. एक दिवस मी नुसतं पोलाद होऊन टांगलेली होते. मग भट्टीत घालून हा लाल रंग चढवला. मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

मुकुलची तऱ्हा वेगळी. तो कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून वीतभर जागा पुसायचा आणि बोळ्याला रंग तर लागला नाही ना, ते बघायचा. गंजाला तेल, रंगाला मेण. आठ शनिवार हेच चाललं होतं. मी मनात हसायचे. इतकं करून बया दिसणार जुनीच!

रस्त्यावर निघालो आणि माझं हसू जिरलं. कॉफीला थांबलं की गावातले म्हातारे तिच्यापाशी वाकायचे. दांडीवरचं 'पॅट्रिक' वाचायचे. हा कुठला पॅट्रिक, कोणत्या शर्यतीत होता, असं विचारत तासभर रमायचे. आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "ग्रँड! नवीन घेतलीत का?" नवीन! मी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दसऱ्याला नरेशची आई, वृंदाकाकू, कोल्हापूरहून आलेल्या होत्या. सकाळी त्यांनी पूजेसाठी आम्हा दोघींना अंगणात काढलं. नरेश झेंडू शोधायला सुपरमार्केटमध्ये गेला होता आणि मुकुल अजून यायचा होता. काकूंनी माझ्यावरून कौतुकाने हात फिरवला, मग निळीकडे बघितलं. "आता गं बया! सणासुदीला ही अशी पारोशी?"

त्या आत गेल्या आणि चिंचेचा कोळ नि काथ्या घेऊन आल्या. वर्षानुवर्षं देवाची भांडी लखलखीत करणारा हात तो. आता काय होणार, ते मला कळलं.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. चोळा काकू, जोर लावा! आधी मेण गेलं. मग फरशीवर निळा ओघळ आला. मग काथ्या नावावर पोचला आणि शेवटची अक्षरं एकेक करून पुसली गेली. आता हीही माझ्यासारखीच निनावी होणार, या विचाराने मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं.

"काकू, थांबा!" मुकुल फाटकातूनच ओरडला.

काकूंचा हात तिथेच थांबला. "अरे, मळ काढत होते. काय झालं?"

मुकुल खाली बसला. 'पॅट' एवढंच उरलं होतं. "असू दे काकू, तुम्हाला काय माहीत," तो म्हणाला आणि उरलेल्या अक्षरांवरचा कोळ रुमालाने टिपू लागला. काकूंनी काथ्या बाजूला ठेवला.

तेवढ्यात नरेश झेंडू घेऊन आला. "एवढंच ना? माझ्यासारखं कोटिंग करून घे. विषय संपला."

"रंग काय, कुठेही मिळेल रे. हे त्या माणसाने स्वतः लिहून घेतलं होतं." मुकुलने फोनमधला जुना फोटो काढून काकूंना पूर्ण नाव दाखवलं. मग नरेशला विचारलं, "तुझ्या सायकलवर काय लिहिलं होतं?"

"माझ्या? होतं का काही?"

"असणारच ना, जोडी आहे ती. तू वाचलं नाहीस?"

नरेशने फोनमध्ये बरंच खालपर्यंत शोधलं. माझा एकही जुना फोटो नव्हता. त्याने वर्कशॉपला फोन लावला. तिथल्या माणसालाही काही आठवत नव्हतं.

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला निदान थांब म्हणायला कुणीतरी आलं, बाळा. तुझ्या वेळी कुणीच नव्हतं."

माझ्या गुळगुळीत लाल दांडीवरून नरेश बोट फिरवत राहिला. मग आम्हा दोघींना हार घातले, हळदकुंकू लावलं, सगळे आत जेवायला गेले.

मी अजूनही जळते. तिचं अर्धं नाव माझ्या अख्ख्या चकाकीला भारी पडतं. तुमच्या घरी कुणाची जुनी वस्तू आली, तर खरवडण्याआधी एकदा वाचून तरी बघा. आणि एक काम करा. त्या घरात माझं नाव कुणालाच ठाऊक नाही आणि मला त्यांच्याशी बोलता येत नाही. नरेश कधी भेटला तर त्याला सांगा, त्याच्या लाल सायकलवर 'डोनल' लिहिलेलं होतं.